शमीवर न ठेवलेले शस्त्र

नोकरीच्या निमित्ताने म्हैसुरास येऊन राहिलेल्या मराठी माणसाचा पहिला दसरा बहुधा गर्दीतच जातो. राजवाड्यातून निघणारी जंबूसवारी, हत्तीवरील सुवर्ण-अंबारीत विराजमान झालेली चामुंडेश्वरीची मूर्ती आणि संध्याकाळचे मशालींचे संचलन पाहून तो तृप्त होऊन घरी परततो. त्या अंबारीत एके काळी महाराज स्वतः बसत असत, हेही त्याला कोणी तरी सांगितलेले असते. मिरवणूक जेथे जाऊन थांबते त्या बन्नीमंटपाचा अर्थ त्याला कळतो तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी ज्या झाडावर आपली शस्त्रे लपवून ठेवली, त्या झाडाच्या स्मरणार्थ हा सारा थाट चालतो. आपण आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो, कानडी मुलखात बन्नीची पाने देतात-घेतात. मुळाशी असलेली कथा एकच आहे.

ही कथा सांगताना पांडवांनी शमीवर काय काय ठेवले याची यादी सर्वजण देतात. काय ठेवले नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अर्जुनाने गांडीव ठेवले, भाते ठेवले. परंतु विराटाच्या अंतःपुरात शिरताना दोन गोष्टी त्याने बरोबर नेल्या. एक त्याची थट्टेखोर जीभ आणि दुसरे त्याचे मन. वर्षभर एका राजकन्येच्या सहवासात, तिचा शिक्षक आणि पाठराखा म्हणून राहिलेल्या या पुरुषाच्या मनात काय होते, हा प्रश्न रसिकाने विचारावा की विचारू नये? माझ्या मते विचारावा. मात्र उत्तर देण्याची घाई करू नये. या लेखाचा विषय तो प्रश्न आणि ती घाई, असा दुहेरी आहे.

घाईचा उल्लेख करण्यास कारण आहे. उपरोधिक बोलणारा, वरून रूक्ष, पण जिवास जीव देणारा अंगरक्षक आणि त्याच्या अंतःकरणात दडलेले राजकन्येवरील प्रेम, हा कथाविषय आज जगभर लोकप्रिय आहे. कादंबरी उघडावी, बोलपट पाहावा, तो कोठे ना कोठे भेटतोच. या जातीच्या नायकाचे उत्तम रूप शोधावयाचे तर फ्रेंच रंगभूमीकडे जावे लागेल. एदमों रोस्ताँ याचे ‘सिरानो द बेर्जराक’ हे नाटक १८९७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याचा नायक गॅस्कन शिलेदारांच्या पलटणीतील योद्धा. जीभ तलवारीहून तिखट, नाक अवाढव्य आणि मनात आपल्या आतेमामे नात्यातील रोक्सानवर निःशब्द प्रेम. दुसऱ्याच्या नावाने तो तिला पत्रे लिहितो, आणि तो दुसरा युद्धात पडल्यावरही वर्षानुवर्षे मठात जाऊन तिला गावगप्पा ऐकवतो. सत्य बाहेर पडते ते त्याच्या मरणाच्या दिवशी. रोक्सान राजकन्या नव्हे. पण त्याआधी १८३८ मध्ये व्हिक्तोर ह्यूगोने ‘रुई ब्ला’ या नाटकात एका चाकराला थेट स्पेनच्या राणीवर प्रेम करावयास लावले होते. या दोन नाटकांनी जो साचा घडविला त्यात पुढे कित्येकांनी आपापले पितळ ओतले.

या साच्याचे मर्म असे की, नायकाचा उपरोध हा प्रेमाचा पडदा असतो, आणि तो पडदा मुद्दाम विरळ विणलेला असतो. नायिकेस पलीकडचे दिसू नये आणि प्रेक्षकास मात्र दिसावे, अशी त्याची वीण. रक्षक जितके तिखट बोलेल तितके ‘याचे हिच्यावर किती प्रेम आहे!’ असे आपण मनाशी म्हणतो. म्हणजे उपरोध येथे काही लपवीत नाही. तो प्रेक्षकास खूण करतो. या खुणेचा आनंद मोठा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सिरानोच्या अखेरच्या प्रवेशास ज्याचा गळा दाटून आला नाही, त्याने रसिकपणाचा दावा न केलेला बरा. परंतु हा साचा हातात घेऊन आपण जुन्या ग्रंथांकडे वळलो, की जेथे तेथे तोच दिसू लागतो, आणि मग ग्रंथ स्वतः काय सांगत आहे हे ऐकू येईनासे होते.

आपल्या जुन्या नाटकांत रक्षकाच्या गुप्त प्रेमाचा शोध घेतला तर काय आढळते? भासाच्या नावावर असलेले ‘अविमारक’ घ्या. पिसाळलेल्या हत्तीच्या तावडीतून कुंतिभोजाची कन्या कुरंगी हिला एक तरुण सोडवतो. तो हीन जातीचा म्हणून राहत आहे आणि दोघांचे मन एकमेकांवर जडते. प्रसंग नेमका आपल्या विषयाचा आहे. पण नाटककार ती धग फार वेळ सोसत नाही. तरुण वस्तुतः राजपुत्र आहे, शापामुळे त्याला हे हीनत्व आले आहे, हे उघड होते आणि विवाहाचा मार्ग मोकळा होतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त तीच युक्ती उलट बाजूने आहे, तेथे दासी राजकन्या निघते. आपल्या संगीत रंगभूमीवर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) गरीब पण शूर सेनापती धैर्यधर याचा धनवान भामिनीकडून अपमान होतो, आणि पुढे तीच भामिनी वनमालेच्या साध्या वेषात त्याला ओळखावयास जाते. दासीवेषातील मालविका असो की साध्या वेषातील भामिनी, युक्ती एकच. आपल्याकडे लपविलेली वस्तू बहुधा कुळ किंवा संपत्ती असते, प्रेम नव्हे. पडदा दूर झाला की विषमता नाहीशी होते आणि सनई वाजू लागते.

यामागे केवळ नाटककारांचा भिडस्तपणा नव्हता. शास्त्राचाही धाक होता. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त रसाभासाची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत एकतर्फी रती आहे आणि हीन पात्राच्या ठायीची रतीही आहे. आपला अंगरक्षक या दोन्ही कलमांखाली सापडतो. त्याचे प्रेम शृंगार नव्हे, शृंगाराची नुसती सावली! आणि राजनीतीने तर ती सावलीही पडू नये अशी तजवीज केली होती. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ जगाला पुन्हा मिळाले ते याच म्हैसुरात. तंजावर भागातील एका पंडिताने १९०५ मध्ये येथील प्राच्य ग्रंथालयात ताडपत्राची पोथी आणून दिली आणि ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत राजाच्या अंतःपुराची व्यवस्था सांगणारा अध्याय आहे. अंतःपुरातील स्त्रियांच्या वर्तनावर नजर कोणी ठेवावी? तर आईबापांच्या नात्याने वावरणाऱ्या, ऐंशीच्या घरातील पुरुषांनी व पन्नाशीच्या स्त्रियांनी, आणि वृद्ध षंढांनी. सकाळी राजा शय्येवरून उठला की त्याच्याभोवती पहिले कडे असावे ते धनुर्धारी स्त्रियांचे. ज्याच्या मनात प्रेम उपजण्याची भीती आहे अशा पुरुषाला त्या उंबऱ्याच्या आतच येऊ देऊ नये, असा हा रोखठोक बंदोबस्त आहे. काव्यशास्त्राने ज्याला रसाभास म्हटले, त्याला राज्यशास्त्राने जोखीम म्हटले, एवढाच फरक.

या पार्श्वभूमीवर विराटपर्वाकडे पाहिले म्हणजे व्यासांनी काय धाडस केले आहे ते ध्यानात येते. कौटिल्याने जो पुरुष उंबऱ्याबाहेर ठेवावा असे सांगितले, नेमका तोच व्यासांनी आत नेऊन बसविला. बृहन्नडेचा नपुंसकपणा खरा की काय, याची स्त्रियांकडून परीक्षा करवून मगच विराट त्याला आपल्या मुलीकडे गायन-नर्तन शिकवावयास पाठवतो. म्हणजे नियम विराटाला ठाऊक होता. उर्वशीच्या शापामुळे अर्जुनाला हे रूप आले, ही सर्वपरिचित कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली आहे. हा निर्णय आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शाप असेल तर अर्जुनाला अंतःपुरात कसलाच मोह होण्याचा संभव नाही आणि प्रश्न तेथेच संपतो. शाप वजा केला तर उरतो तो एक वेष. आणि वेषाच्या आत पूर्ण पुरुष.

मराठी वाचकाला विराटाचा राजवाडा ठाऊक आहे तो मुख्यतः ‘कीचकवधा’मुळे. खाडिलकरांचे ते नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत पारतंत्र्यातील देश दिसला आणि भीमाच्या मुठीत भविष्यकाळ दिसला. त्या काळी विराटपर्वातून तेवढेच उचलणे साहजिक होते. परंतु त्यामुळे त्याच राजवाड्यातील दुसरा रक्षक आपल्या नजरेआड राहिला. कानडी मुलखात तसे झाले नाही. कुमारव्यासाच्या भारतातील उत्तर आणि बृहन्नडा येथे घराघरांत पोहोचले आहेत. ‘उत्तराचा पराक्रम चुलीपुढे’ या अर्थाची म्हण कानडीत आजही चालते. आपल्या शेजाऱ्याच्या तोंडून ती ऐकली, की हे प्रकरण मुळातून पुन्हा वाचावे असे वाटू लागते.

मुळातील बृहन्नडा थट्टेखोर आहे, यात शंका नाही. कौरवांनी गाई पळविल्याची वार्ता येते, राजपुत्र उत्तर बायकांच्या घोळक्यात बसून आपल्या शौर्याची फुशारकी मारतो आणि सारथी नाही म्हणून अडून बसतो. सैरंध्रीच्या सूचनेवरून राजकन्या उत्तरा बृहन्नडेला बोलावून आणते. तेव्हा हा महाभारतातील सर्वश्रेष्ठ धनुर्धर गंभीर मुद्रेने म्हणतो, की रणांगणावर सारथ्य करण्याची मला कोठली शक्ती. गाणे, नाचणे, वाजविणे असेल तर सांगा. नंतर कवच अंगात घालताना ते मुद्दाम भलतीकडून घालू पाहतो आणि मुली खो-खो हसतात. निघता निघता त्या मुली त्याला सांगतात की, कौरवांना जिंकाल तेव्हा आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची तलम रंगीत वस्त्रे घेऊन या. बृहन्नडा हसून उत्तर देतो, की हा उत्तर त्या महारथींना जिंकणार असेल तर जरूर आणीन. या वाक्यातील ‘असेल तर’मध्ये साऱ्या प्रसंगाचा उपरोध साठवलेला आहे. कोण जिंकणार हे त्या घोळक्यात फक्त दोघांना ठाऊक आहे: बोलणाऱ्याला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सैरंध्रीला.

सिरानोचा उपरोध आणि हा उपरोध यांतील अंतर येथे स्पष्ट होते. सिरानो थट्टेमागे आपले प्रेम लपवतो. बृहन्नडा थट्टेमागे आपले सामर्थ्य लपवतो. पहिल्याच्या थट्टेत स्वतःविषयीचे दुःख आहे, म्हणून ती बोचते; दुसऱ्याच्या थट्टेत स्वतःविषयी काहीच नाही, म्हणून ती हसवते. पळून जाणाऱ्या उत्तराला धरण्यासाठी हा पाठोपाठ धावतो, लांब वेणी पाठीवर उडते आहे, तांबडी वस्त्रे फडफडताहेत, आणि शत्रुसैन्यातील शिपाई ते पाहून हसतात. या हसण्याचे त्याला काहीच वाटत नाही. अज्ञातवासात आपण ज्याचे अन्न खातो त्याच्या पोराची लाज राखावयाची आहे, एवढेच त्याला कळते. आपल्या विनोदाचा विषय स्वतः होणे हे निष्ठेचे फार कठीण रूप आहे. मोठ्या मानाच्या खुर्चीवरून उठून आलेल्या माणसाला तर ते विशेषच कठीण.

येथवर प्रेमाचा मागमूस नाही. तो लागतो, लागत असेल तर, पुढच्या एका क्षणात. शमीवरून गांडीव उतरले आहे, युद्ध झाले आहे, भीष्म वगळता द्रोणांसह सारे कौरव सैन्य संमोहनाने निश्चेष्ट पडले आहे. अशा वेळी विजयी वीराला काय आठवावे? व्यास सांगतात की त्याला उत्तरेचे शब्द आठवले. तो राजपुत्राला सांगतो: द्रोण आणि कृप यांची शुभ्र वस्त्रे, कर्णाचे पिवळे, अश्वत्थाम्याचे आणि दुर्योधनाचे निळे, एवढी काढून घे, भीष्मांच्या वाटेस मात्र जाऊ नकोस, ते शुद्धीवर आहेत. तेरा वर्षांचा वनवास, भर सभेत झालेली पत्नीची विटंबना, समोर निपचित पडलेला कर्ण, आणि या सर्वांच्या मधोमध आठवते ते एका मुलीने बाहुल्यांसाठी केलेले मागणे! परतल्यावर विराटाची अनुज्ञा घेऊन ती वस्त्रे तो स्वतःच्या हाताने उत्तरेला देतो.

याला काय म्हणावे? आधुनिक कादंबरीकार येथे लेखणी टाकून उठणार नाही. तो चार पाने लिहील. परंतु व्यास एक ओळही जास्त लिहीत नाहीत. मला स्वतःला वाटते की, या आठवणीला वात्सल्य म्हणणे जितके सोपे आहे तितकेच प्रेम म्हणणेही सोपे आहे, आणि दोन्ही नावे तिला अपुरी पडतात. ज्याच्या हाती आपण कोणाला सोपवतो, त्या माणसाच्या मनात काही काळाने एक भावना निर्माण होते, तिला आपल्या शास्त्रात नाव नाही. सोपवलेल्या व्यक्तीच्या लहानसहान मागण्यांविषयीची ती विलक्षण जागरूकता असते. तिच्यात ममता असते, अभिमान असतो, कदाचित अभिलाषही असतो. पण ती या कशातही विरघळून जात नाही.

आता सभेतील प्रसंग. तिसऱ्या दिवशी पांडव प्रकट होतात. हातून झालेल्या अवमानाने विराट शरमिंदा झाला आहे, कारण बृहन्नडेची स्तुती केल्याबद्दल त्याने कंकाच्या, म्हणजे युधिष्ठिराच्या तोंडावर फासा फेकून रक्त काढले होते. तो आपली कन्या अर्जुनाला देऊ करतो. आपल्या प्रचलित साच्याप्रमाणे हा शेवटचा अंक झाला. कुळ प्रकट झाले, विषमता संपली, ‘अविमारका’तली सनई वाजावयास हरकत नाही. आणि येथे अर्जुन नाही म्हणतो. तो उत्तरेचा स्वीकार करतो तो स्नुषा म्हणून, अभिमन्यूसाठी. ‘भार्या म्हणून का नको?’ असे विराट विचारतो तेव्हा तो जी कारणे देतो, ती एकेक तपासण्यासारखी आहेत. मी अंतःपुरात राहिलो, तुझ्या मुलीला सतत पाहत राहिलो. एकांतात आणि लोकांत तिने माझ्यावर पित्याप्रमाणे विश्वास टाकला. गुरू म्हणून तिने मला मानले. ती वयात आलेली, आणि मी वर्षभर तिच्या सोबतीत राहिलेला. तुला किंवा लोकांना शंका येणे अयोग्य नाही. मी शुद्ध आणि जितेंद्रिय राहिलो आहे. तिला सून करून घेतली म्हणजे तिच्या शुद्धतेविषयी कोणाला संशय राहणार नाही.

या उत्तरावर एक कठीण आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. अर्जुनाच्या मनात प्रेम नव्हतेच असे मानले, तर या नकाराला मोल काय? जे नकोच होते ते नाकारण्यात त्याग कोठला? आणि प्रेम होते असे मानले, तर ‘पित्याप्रमाणे’ हा शब्द खोटा ठरतो. या पेचातून सुटण्यासाठी मूळ शब्दांकडेच गेले पाहिजे. ‘पित्याप्रमाणे’ हे उत्तरेच्या विश्वासाचे वर्णन आहे, अर्जुनाच्या भावनेचे नाही. तिने मला असे मानले, एवढेच तो सांगतो. स्वतःविषयी बोलताना तो वेगळा शब्द वापरतो: जितेंद्रिय. जेथे इंद्रिये उठलीच नाहीत तेथे जिंकण्याचा प्रश्न येत नाही. हा शब्द रूढ स्तुतीचा आहे, त्यावर फार भार घालू नये, हे मी जाणतो. तरीही मोजून-मापून बोलणाऱ्या अर्जुनाने भर सभेत ‘ती मला कन्येसारखीच वाटली’ असे थेट म्हटले नाही, हे नजरेआड करता येत नाही. त्याने तिच्या विश्वासाला प्रमाण मानले आणि स्वतःच्या मनाला त्याच्या मापाने वागविले. पेच सुटतो तो असा: नकाराचे मोल मनात प्रेम होते की नव्हते यावर ठरत नाही, समोरच्याने ज्या भावनेने विश्वास टाकला, त्या भावनेचा शब्द विश्वास ठेवणाऱ्याने पाळला की नाही, यावर ते ठरते.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात दीर्घकाळ संस्कृत शिकविणारे प्रा. एम. हिरियण्णा यांच्या कलाविषयक निबंधांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये निघाला. कलानुभवाच्या वेळी माणसाचा स्वार्थ, त्याचा वैयक्तिक हव्यास काही काळ गळून पडतो, आणि म्हणून तो अनुभव मोक्षाच्या जातीचा पण क्षणिक असतो, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. अर्जुनाचे ‘सतत पाहत राहिलो’ हे शब्द वाचताना मला या विवेचनाची आठवण होते. पाहणे आहे, रस आहे, पण मालकीचा विचार नाही. रसिकाला दोन घटका जे साधते, ते या रक्षकाने एक वर्ष साधले. शास्त्राने ज्याला रसाभास म्हणून दारातून परतविले असते, तो मनुष्य दारात उभा राहून खऱ्या रसिकाचे व्रत पाळीत होता, असे म्हटले तर ते फारसे वावगे होऊ नये.

याच अर्जुनाचा दुसरा वेष मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) तो त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेत येतो. तेथेही परगृह, तेथेही वेष, तेथेही एक राजकन्या आणि तिच्या वडीलधाऱ्यांचा निर्धास्त विश्वास. यतिवेषाची ही कथा महाभारताच्या दक्षिणी पाठपरंपरेत आहे. द्वारकेत अर्जुन त्या विश्वासाचा फायदा घेतो आणि सुभद्रेला घेऊन जातो. आपण टाळ्या वाजवतो, कारण सुभद्रेचे मन त्याच्यावर आहे आणि कृष्ण सूत्रे हलवीत आहे. पुढे विराटनगरात तोच वेष, तीच संधी पुन्हा येते आणि या वेळी तो संधी सोडतो. आणि जिच्या बाबतीत सोडतो तिचा विवाह कोणाशी? पहिल्या वेषाचे फळ असलेल्या अभिमन्यूशी. या दोन घटना कोणी योजून समोरासमोर मांडल्या की परंपरेच्या ओघात त्या तशा आल्या, हा पंडितांचा विषय आहे. रसिकाला एवढे दिसते की, तारुण्यात ज्याने वेषाचा उपयोग मिळविण्यासाठी केला, त्याने प्रौढपणी त्याच वेषाची किंमत न मिळवून चुकती केली. ‘सौभद्र’ आपण गेली जवळजवळ दीडशे वर्षे पाहत आहोत. त्याचा उत्तरार्ध मात्र आपल्या रंगभूमीने त्या तोलाने लिहिला नाही, ही खंत आहे.

मात्र या कथेची सर्वच बाजू उजळ आहे असे म्हणून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या साऱ्या प्रकरणात उत्तरेला कोणी काही विचारले नाही. विराटाने तिला देऊ केले, अर्जुनाने मुलासाठी घेतले, शुद्धता सिद्ध झाली, दोन कुळे जोडली गेली. ज्या मुलीने बाहुल्यांसाठी वस्त्रे मागितली होती, ती काही काळातच कुरुक्षेत्रावर अभिमन्यूच्या शवाशी बसलेली दिसते आणि पुढे परीक्षिताची आई म्हणून उरते. आपल्या नृत्यगुरूविषयी तिच्या मनात काय होते? अर्जुनाने तिच्या वतीने ‘विश्वास’ हा शब्द उच्चारला. तिने स्वतः तो उच्चारल्याचे आपण ऐकत नाही. आणि याबाबतीत आधुनिक साचा अधिक उदार आहे असेही नाही. रोक्सानलाही सत्य कळते ते काही करण्याची वेळ टळून गेल्यावर. रक्षकाच्या मूक प्रेमाचे गोडवे गाताना, मौनामुळे दुसऱ्याचाही निर्णयाचा हक्क हिरावला जातो, हे आपण विसरतो. नवा लेखक या विषयाला हात घालणार असेल तर त्याने रक्षकाच्या हृदयात आणखी खोल उतरण्यापेक्षा एकदा राजकन्येच्या खोलीत डोकवावे. तेथे बाहुल्यांच्या अंगावर कर्णाचे पिवळे आणि दुर्योधनाचे निळे वस्त्र आहे, आणि ती मुलगी काय विचार करीत बसली आहे हे अद्याप कोणी पुरते सांगितलेले नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील विराटपर्व रघुवीरांनी संपादून १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. संपूर्ण संहितेच्या पूर्ततेची घोषणा १९६६ मध्ये पुण्यात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली. तेच राधाकृष्णन १९१८ ते १९२१ या काळात म्हैसुरात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुणे आणि म्हैसूर यांच्यामधला असा एखादा धागा हाती लागला, की परमुलखात राहणाऱ्या आपणांस उगाच बरे वाटते. आपणही येथे कोणाच्या तरी विश्वासावर आलेलो असतो. कोणाच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या असतात, कोणाच्या हाती दप्तर, कोणाच्या हाती माणसे; आणि आपले खरे नाव, घराणे, गावातला मान यांपैकी येथे कोणाला काही ठाऊक नसते. कचेरीत आपल्या मराठी वळणाच्या कानडीवर लोक हसतात आणि आपणही हसतो. बृहन्नडेची थट्टा आपणांस इतकी ओळखीची का वाटते, याचे हे एक कारण असावे.

येत्या दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावर मशाली पेटतील तेव्हा शमीवरच्या शस्त्रांची कथा पुन्हा सांगितली जाईल. कोणी जवळ असेल तर त्याला तिचा पुढचा भाग सांगावा: युद्ध संपल्यावर अर्जुनाने गांडीव पुन्हा त्याच झाडावर ठेवले, वेणी सारखी केली, घोड्यांचे लगाम हाती घेतले आणि विजयाचे श्रेय उत्तराला देऊन तो नगरात परतला. काखेत बाहुल्यांची वस्त्रे होती.